बालविभागाचं पारायण

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयाच्या बालविभागात तीन कपाटं आहेत आणि तिन्हींत मिळून वाचण्यासारखं एकही पुस्तक नव्हतं. हे मी तिथली ग्रंथपाल म्हणून सांगतेय. वाचकांना विचारलं असतं, पण वाचकही नव्हते.

पहिल्या कपाटात सामान्यज्ञान होतं. त्याच्या मते माणूस लवकरच चंद्रावर जाण्याची शक्यता होती. दुसऱ्यात भूगोल होता. त्यातले काही देश आता त्या देशांतल्या लोकांनाही सापडत नाहीत. तिसऱ्यात ‘सुशील बालकथा’ नावाच्या एकाच पुस्तकाच्या नऊ प्रती होत्या. कुठल्याशा योजनेत कुणीतरी एकगठ्ठा पाठवल्या असाव्यात. त्यातल्या सात कधीच कुणी घरी नेल्या नव्हत्या. उरलेल्या दोन वाळवीनं वाचायला घेतल्या होत्या, पण तिलाही तिसऱ्या पानापुढं जाववलं नव्हतं.

अशात एका ट्रस्टनं आम्हाला नवीकोरी पुस्तकं दिली. पेठेतल्या पोरांनीच निवडलेली. चार खोकी व्हरांड्यात येऊन पडली. ट्रस्टची अट एकच होती: शनिवारी ट्रस्टच्या बाई बघायला येतील, तोवर पुस्तकं कपाटात लागलेली आणि पोरांना मिळत असलेली दिसली पाहिजेत. नाहीतर खोकी मुरगूडच्या वाचनालयाला जातील, कारण मुरगूडची कपाटं रिकामी होती. मुरगूडचे ग्रंथपाल मला रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह ‘शुभ प्रभात’ पाठवू लागले. शेवटी ‘कपाटाचं काय झालं?’ असायचं.

सोमवारी मी जुनी पुस्तकं काढायला घेतली. आमचे अध्यक्ष गणपतराव यांची परवानगी होती. वय वर्षं ब्याऐंशी. ते एवढंच म्हणाले, “जुनं म्हणून काढताय, ठीक आहे. पण माझ्या खुर्चीकडं बघत बघत काढू नका.” मी दाराबाहेर सूचना लावली की कालबाह्य बालपुस्तकं मागे घेण्यात येत आहेत. ती सूचना वाचनालयाच्या इतिहासात सगळ्यात जास्त वाचली गेलेली गोष्ट ठरली.

संध्याकाळी तालमीचे अध्यक्ष अमरसिंह आले. मागं दहा-बारा पोरं. अमरदादांचा वाळू-खडीचा धंदा आहे आणि आवाजही त्याच मालाचा.

“अरीबा, तू पुस्तकांवर बंदी घाटलीस व्हय?”

“बंदी न्हाय, दादा. जुनी झाल्यात. मागं घ्यालोय.”

“जुनी झाली म्हणून काढायची? उद्या म्हणशील शिवाजी पूल जुना झाला.”

“झालाय की. शेजारी नवा बांधलाय.”

“ते येगळं.” दादांनी जरा विचार केला. “ह्येला सेन्सॉरशिप म्हणत्यात. आमच्या पेठेत चालायची न्हाय.”

“यातलं एखादं वाचलंय तुम्ही?”

“वाचायचा प्रश्नच येत न्हाय. प्रश्न स्वातंत्र्याचा हाय.”

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: ‘मंगळवार पेठ पुस्तक बचाव कृती समिती’. फोटो एकतीस. मधोमध अमरदादा, डोळ्यांवर गॉगल, हातात पुस्तक. पुस्तक माझ्या नव्या खोक्यातलं होतं, कारण जुनं फोटोत मळकं दिसत होतं. खाली तालमीच्या फलकावर खडूनं लिहिलं होतं, ‘एका शब्दालाही हात लावू देणार नाही’.

बुधवारी बाहेरगावचा एक पाहुणा मोबाइल घेऊन आला आणि ग्रंथपालबाईंचं आडनाव काय, अशी चौकशी करू लागला. दादांनी त्याला चौकातच धरला. “पावणं, भांडान आमच्या पेठंचं हाय. ही आमची पोरगी हाय. हिच्या बानं शिवलेले कपडे घालून मी बोहल्यावर चढलोय. तुमी मिसळ खावा आन एसटीला बसा.” पाहुणा मिसळ न खाता गेला. नंतर दादा माझ्याकडं वळून म्हणाले, “आता आपलं भांडान चालू.”

आता आंदोलन कसलं करायचं यावर खल झाला. मोर्चा काढावा, तर तालमीपासून वाचनालय पंचवीस पावलांवर. रास्ता रोको करावा, तर आमच्या बोळात रस्ता रोज आपोआपच बंद असतो. उपोषणाचं नाव कुणीतरी काढलं आणि तालमीच्या पैलवानांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते परत आत ढकललं. शेवटी दादांनीच तोड काढली. पारायण करायचं. चौकात मांडव, व्यासपीठ, स्पीकर. दादा मोठ्यानं वाचणार, आठजण पुढ्यात प्रत घेऊन ओळीवर बोट ठेवून मनात वाचणार, पेठ ऐकणार. नऊ माणसांना नऊ प्रती लागणार, म्हणून पुस्तक आपोआप ठरलं: ‘सुशील बालकथा’.

“प्रती देशील का आडवी पडशील?” दादांनी विचारलं.

“देतो की. पुसून देतो.”

त्यांना जरा वाईट वाटलं. मी आडवी पडावी अशी अपेक्षा होती, फोटोग्राफर बोलावला होता. पण माझा हिशेब सरळ होता. त्या पुस्तकाला सगळ्यात मोठा धोका माझ्याकडून नव्हताच. त्याच्या आतल्या मजकुराकडून होता.

गुरुवारी दुपारी पारायण बसलं. नेम सांगायला दादांच्या आई, तानाबाई, पुढंच पाट मांडून बसल्या. पेठेतलं एकही पारायण त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांनी माईक हातात घेतला, खरंतर त्यांना त्याची गरज नव्हती.

“नेम ऐका. सुरू केलेला अध्याय पुरा करायचा. मधनं उठायचं न्हाय. आन एक वळ जरी सुटली, तर अध्याय पैल्यापासनं. मग वाचणारा कोण का असंना.”

“आई, ही गोष्टीची पुस्तकं हाईत.”

“पारायण म्हनलास का न्हाय?”

“म्हनलो.”

“मग झालं.”

पहिल्या कथेतला मुलगा पहाटे गार पाण्यानं अंघोळ करत असे, म्हणून पुढं कलेक्टर झाला. दुसऱ्या कथेतला मुलगा सारखे प्रश्न विचारत असे, म्हणून विहिरीत पडला. पेठेनं ऐकून घेतलं. चौकातल्या मिसळवाल्यानं मात्र विचारलं, पाणी गार असलं की परीक्षा द्यावी लागत नाही का. त्याला गप्प बसवण्यात आलं, विहिरीची आठवण देऊन.

तिसरी कथा होती ‘काळी यमी आणि गोरी गोदी’. पहिल्या रांगेत दादांची मुलगी क्रांती बसली होती, सहावीतली. पेठेच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. दिवसभर मैदानात असते, त्यामुळं रंग मूळचा सावळा होता तो पक्का झालाय. सरावाला जायचं म्हणून हातमोजे घालूनच आली होती.

दादा खणखणीत आवाजात वाचत गेले. यमी आली, गोदी आली, गोदीचं कौतुक झालं. मग त्यांचा आवाज एका ओळीवर अडखळला, हलका झाला आणि दोन ओळी पुढं जाऊन परत मोठा झाला.

आठ बोटं आठ प्रतींवर जागच्या जागी थांबली.

“अमऱ्या,” तानाबाई म्हणाल्या, “वळ सुटली. ह्यांची बोटं बघ की.”

“पान चिकटलंतं.”

“पैल्यापासनं.”

दादांनी कथा पहिल्यापासून घेतली. त्या जागी आल्यावर त्यांना खोकला आला. खोकला संपला तेव्हा ओळही संपली होती. पैल्यापासनं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओळ वाचली, पण ‘काळ्या मुलीने’च्या जागी ‘काही मुलींनी’ म्हणाले. आठही बोटं वर आली. पैल्यापासनं. चौथ्या वेळी त्यांनी स्पीकरवाल्याला डोळा मारला आणि नेमका तेवढ्यात माईक बंद पडला. तानाबाई म्हणाल्या, “माईक गेलाय, तोंड न्हाय गेलं.” हे पलीकडच्या पेठेत ऐकू गेलं असावं, कारण तिथूनही लोक यायला लागले.

यमी आणि गोदीची गोष्ट एव्हाना चौकाला पाठ झाली होती. गाड्या थांबल्या. लोक एकमेकांना विचारू लागले, त्या ओळीत आहे तरी काय. एवढी उत्सुकता त्या पुस्तकाच्या वाट्याला जन्मात आली नव्हती.

मी उठून पुढं गेले.

“दादा, हाय तसं वाचा.”

“तू गप.”

“फलकावर तुम्हीच लिवलंय, एका शब्दालाही हात लावू देणार नाही. आतापतोर सतरा शब्दांना लावलाय.”

“अरीबा,” दादा हळू आवाजात म्हणाले, “पोरगी समोर बसल्या माझी.”

माईक परत चालू झाला होता. सगळ्या पेठेनं ऐकलं.

“व्हय दादा,” मीही हळूच म्हणाले. “बालविभागात पोरीच समोर बसत्यात. कुणाच्या ना कुणाच्या.”

दादांनी पुस्तकाकडं बघितलं. मग आईकडं. आईनं काही सवलत दिली नाही. तेवढ्यात क्रांती उठली, व्यासपीठापर्यंत गेली आणि हातमोज्यातला हात पुढं केला.

“पप्पा, द्या हिकडं. मी वाचतो.”

“नगं, बाळा.”

“द्या की. माझा सराव हाय साडेपाचला. तुमी असंच करत बसलासा तर हितंच अंधार हुईल.”

तिनं पुस्तक घेतलं, जागा शोधली आणि शाळेत वाचतात तशी, स्वल्पविरामाला थांबून ती ओळ वाचली: “काळ्या मुलीने चारचौघांत हसू नये, पाहणाऱ्यास दचकायला होते. आणि मुलीच्या जातीने धावू तर मुळीच नये, अशा मुलीस चांगले स्थळ मिळत नाही.”

मिसळवाल्यानं गॅस बारीक केला.

क्रांतीनं पान उलटलं. “एवढंच व्हय? मी म्हटलं काय भयानक असंल.” मग पुढच्या ओळींवरून डोळे फिरवले. “आयला, गोदीचं लगीन कलेक्टरसंगं हुतंय. त्योच तो, पैल्या गोष्टीतला, गार पाण्याचा.”

आणि ती हसली. चारचौघांत. खरंतर तोवर चारशे तरी झाले असतील. कुणी दचकलं नाही. आधी तानाबाई हसल्या, मग आठ वाचक, मग बाकीचे. दादा तेवढे हसले नाहीत. ते उठायला बघत होते, पण अध्याय पुरा झाला नव्हता, म्हणून आईनं खाली बसवलं.

कथा संपल्याबरोबर दादांनी माईक ओढला. “आंदोलनाची दिशा बदलण्यात येत आहे. ह्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती आत्ताच्या आत्ता पंचगंगेत बुडवायच्या.” पोरं उठली. एकजण फलक पुसायला पळालासुद्धा.

मी व्यासपीठासमोर आडवी झाले नाही, पण उभी राहिले. “बुडवायचं न्हाय, जाळायचं न्हाय.”

“तूच बंदी घालत हुतीस की.”

“मी पोरांच्या कपाटातनं काढत हुतो. आठ प्रती रद्दीत जातील. एक ऑफिसच्या कपाटात राहील, मोठ्यांसाठी. आपण पोरांच्या हातात काय देत हुतो हे उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला नको?”

“तू नेमकी कुणाच्या बाजूची हाईस?”

“कपाटाच्या.”

तानाबाई म्हणाल्या, “आन पंचगंगेत अदूगरच काय कमी घाण हाय व्हय?”

पण माणूस एकतीस फोटोंचा फ्लेक्स लावून बसला होता. त्याला असंच घरी पाठवणं बरोबर नव्हतं, शिवाय शनिवार परवावर आला होता. मी तानाबाईंपुढं बसले.

“आज्जी, पारायण संपलं की पोथीचं काय करत्यात?”

“फडक्यात गुंडाळून वर ठिवत्यात.”

“कवापतोर?”

“पुढच्या पारायणापतोर.”

“मग ह्या पुस्तकाचं पुढचं पारायण कवा?”

सगळ्यांनी अमरदादांकडं बघितलं. त्यांनी गॉगल पुसायला घेतला.

“बघू,” ते म्हणाले.

एवढ्यावर मिटलं असतं, पण नेम नेम असतो. उरलेल्या आठ कथा वाचाव्या लागल्या. क्रांती सरावाला गेली. दादा शुक्रवारी दुपारपर्यंत, एकही ओळ न गाळता, आळशी शेतकरी, लबाड परका आणि हट्टी सून अशा सगळ्यांचं वाईट झालेलं वाचत राहिले. प्रत्येक कथेनंतर ते खुर्चीत आणखी जरा खाली सरकलेले दिसत होते. समाप्तीला आरती झाली. प्रसादाला शिरा. आठ प्रती रद्दीच्या पोत्यात गेल्या. नववी लाल फडक्यात गुंडाळून दादांनी स्वतः ऑफिसच्या कपाटावर ठेवली, अगदी वर, स्टूल घेऊन. भूगोल आणि चंद्रही रद्दीत गेले, त्यांचा कुणी विषयच काढला नाही.

तालमीच्या पोरांनी संध्याकाळी खोकी उपसून नवी पुस्तकं कपाटांत लावली. तालमीत डंबेल लावतात तशी, वजनाप्रमाणं. जड खाली, हलकी वर. मी बदललं नाही, कारण त्यामुळं जाड पुस्तकं पोरांच्या हाताशी आली होती.

शनिवारी सकाळी सात वाजता दारात रांग होती. सगळी पेठ दोन दिवस पुस्तकांबद्दलच बोलत होती. मी पुस्तकं देत गेले. दहाला ट्रस्टच्या बाई आल्या तेव्हा तिन्ही कपाटं रिकामी होती.

बाईंनी तिन्ही कपाटं उघडून बघितली. “अट होती, पुस्तकं कपाटात लागलेली दिसली पाहिजेत.”

“काल लागली होती.”

“मग गेली कुठं?”

“पेठेत,” मी म्हणाले. “दोन चौकांत निम्मी दिसतील. बाकीची जेवायच्या वेळी घरोघरी बघायला लागतील. आणि मंगळवारी परत यायची आहेत.”

बाई खिडकीशी गेल्या. समोरच्या कट्ट्यावर पाच पोरं एका पुस्तकावर भांडत होती आणि अमरदादा मधे पडून पाळी ठरवत होते. बाईंनी पर्समधून फोन काढला आणि मुरगूडला लावला.

“त्या खोक्यांचं विसरा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पुढच्या वेळी बघू.”

मी चहा सांगितला.