दिव्यातली खोट

सासऱ्याने दिवा टॉवेलातून बाहेर काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख काचेच्या कडेवरून सावकाश फिरवलं. वरच्या डाव्या कोपऱ्याशी नख थांबलं. समोर बसलेल्या जावयाने मनातल्या मनात एक शिवी हासडली. नख थांबलं की पुढे काय होतं, हे त्याला आता तोंडपाठ झालं होतं.

"हा ट्रॅक्टरचा आहे, जावईबापू," सासरा म्हणाला आणि दिवा टेबलावरून परत ढकलला.

ट्रॅक्टरचा नव्हता तो, मोटारसायकलचाच होता. पण म्हाताऱ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालं होतं? आधीचा दिवा त्याने रुग्णवाहिकेचा ठरवला होता. त्याच्या आधीचा नुसता वास घेऊन सर्कशीतल्या मोटारीचा ठरवला होता. कधी कोपऱ्याची गोलाई चुकलेली असायची, कधी काचेवरच्या रेघा दाट, कधी काचेभोवतीच्या रिंगची चकाकी भडक. दिव्यात खोट सापडली नाही तर दिवा आणणाऱ्यात हमखास सापडायची. बरं, हे सगळं अहो-जाहो करून. 'जावईबापू' हा शब्द तो अशा काही आदराने उच्चारायचा की त्यापेक्षा सरळ गाढव म्हटलेलं परवडलं असतं.

म्हातारा कारखान्यात टूलरूमचा फोरमन होता. नोकरीतून निवृत्त झाला, पण फोरमनकीतून काही झाला नाही. उभा जन्म लोखंड मोजण्यात गेल्यामुळे माणसंही मापात बसतात की नाही हेच बघायची सवय लागलेली, आणि जावई पहिल्याच दिवशी मापात बसला नव्हता. कारण जावई पडदे शिवायचा. पुरुषासारखा पुरुष दिवसभर कापडाला चुण्या घालत बसतो, हे सासऱ्याच्या पचनी कधी पडलंच नाही. त्यात तो सासऱ्याच्याच घरात राहत होता. घरजावई हा शब्द म्हाताऱ्याने कधी तोंडातून काढला नाही. जेवायला बसल्यावर तो फक्त जावयाच्या ताटाकडे बघायचा, आणि तेवढ्याने काम भागायचं.

जावईही काही संत नव्हता. म्हाताऱ्याच्या फोरमनकीची नक्कल तो बायकोसमोर झकास करायचा. बायकोलाही हसू आवरायचं नाही, आणि मग बापावर हसल्याचा राग ती नवऱ्यावरच काढायची.

सगळं भांडण होतं ते खालच्या खोलीवरून. रस्त्याला लागून असलेल्या त्या खोलीत म्हाताऱ्याची जुनी मोटारसायकल डबल स्टँडवर उभी होती. म्हशीएवढं धूड. समोर वारा अडवायला फायबरचं मोठं कवच. त्याला फेअरिंग म्हणतात, हे जावयाला टोमण्यासकट शिकवण्यात आलं होतं. त्या फेअरिंगच्या मधोमध आता दिव्याच्या जागी भोक होतं, आणि ते भोक जावयामुळे पडलं होतं. पडद्याचा रॉड खोलीत ठेवताना त्याचं टोक दिव्याला लागलं आणि काचेला चीर गेली. म्हातारा तेव्हा एक शब्द बोलला नाही. त्याने अख्खा दिवाच खोलून भंगारात टाकला, आणि मग दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला.

एका हॉटेलवाल्याला ती गाडी दिवा फुटायच्या आधीपासून हवी होती. चालवायला नव्हे, हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला. पण भोकासकट नको, अख्खी हवी. म्हाताऱ्याने आढेवेढे घेत होकार दिला आणि स्वतःची अट घातली. गाडी टेम्पोत चढणार नाही. ज्या दिवशी योग्य दिवा बसेल, त्या दिवशी तो स्वतः ती चालवत नेऊन पोचवेल, आणि खोली जावयाची.

जावयाला खोली हवीच होती. नव्या इस्पितळाच्या सगळ्या पडद्यांचं काम त्याच्याकडे चालून आलं होतं. असं काम त्याला जन्मात मिळालं नव्हतं, आणि एवढं कापड पसरायला लांब टेबल हवं होतं. आत्ता तो पलंगावर कापड पसरून बेतायचा आणि बायको टाचण्या टोचून घेत झोपायची. इस्पितळाच्या माणसाने आठवडाअखेर जागा बघायला येतो म्हणून सांगितलं होतं. पलंग दाखवला असता तर तो जिन्यावरूनच परत गेला असता.

म्हणून जावई दिव्यासाठी वणवण करत होता. या निमित्ताने त्याला जुन्या गाड्यांचे शौकीन भेटले आणि सासरा त्यातल्या त्यात बरा म्हणायची पाळी आली. मडगार्डबद्दल बोलताना यांचा गळा दाटून येतो आणि चहा आणणाऱ्या बायकोकडे हे मान वर करून बघत नाहीत. एकाने दिवे काचेच्या कपाटात मांडले होते. बघा, पण हात लावू नका, म्हणाला. दुसऱ्याने गाडी कोणत्या सालची ते विचारलं. जावयाला सांगता आलं नाही, तेव्हा तो जे हसला ते जावयाला आठवडाभर जेवताना आठवत राहिलं.

शेवटी एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात त्याला हवा तो दिवा मिळाला. दुकानदाराने काउंटरखालून काढून ठेवला. म्हणाला, बॉडी आणि रिंग भंगारातून आलेली आहे, काच दुसऱ्या एका फुटक्या फेअरिंगमधली आहे, पण दोन्ही एकाच कंपनीचं. याच्यापेक्षा अस्सल मिळणार नाही. अस्सल हा शब्द ऐकून ऐकून जावयाचे कान किटले होते. त्याने वायर बघायला दिवा उलटा केला, आणि रिंगच्या आतल्या बाजूला लोखंडी पंच ठोकून उमटवलेले तीन ठिपके त्याला दिसले.

हे तीन ठिपके घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर होते. कारखान्यात पाने-हातोडे चोरीला जायचे म्हणून म्हाताऱ्याने ही खूण धरली, आणि पुढे हात थांबेना म्हणून घरातली पक्कड, कुलूप, पातेल्यांची झाकणं, सगळं ठोकून काढलं. जावई ठोकायचा राहिला तो केवळ कातडीचा आहे म्हणून. म्हणजे ही रिंग म्हाताऱ्याचीच होती. त्याने भंगारात टाकलेला त्याचा स्वतःचा दिवा फिरून परत आला होता. जावई भर दुकानात मोठ्याने हसला आणि दुकानदाराने मागितले तेवढे पैसे देऊन बाहेर पडला.

घरी येईपर्यंत त्याने सगळं बेतून ठेवलं. दिवा बायकोसमोर द्यायचा. म्हाताऱ्याला नख फिरवू द्यायचं, नाक मुरडू द्यायचं, नकली म्हणू द्यायचं. अक्कल पुरेशी पाजळून झाली की दिवा उलटा करून ठिपके दाखवायचे आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. आयुष्यात एकदाच मिळते अशी संधी.

गल्लीतून येताना खालच्या खोलीची खिडकी उघडी दिसली. आत म्हातारा गाडीचं हँडल धरून उभा होता. त्याने अंग पुढे टाकून गाडी स्टँडवरून रेटली. गाडी ढिम्म हलली नाही. त्याने पाय बदलून पुन्हा रेटली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, दात बाहेर आले, आणि गाडी होती तिथेच. मग तो सीटवर कोपर टेकून बराच वेळ वाकून उभा राहिला. श्वास जागेवर आला तसा त्याने खिशातून फडकं काढलं आणि टाकी पुसायला घेतली, जणू काही तेवढ्यासाठीच खाली आला होता.

जावयाला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. मग त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. काचेला गेलेली चीर केसाएवढी होती. काच बदलून भागलं असतं. तरी म्हाताऱ्याने अख्खा दिवा फेकला. ट्रॅक्टर काय, रुग्णवाहिका काय, सर्कस काय! दिवा मिळू नये एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं, कारण दिवा बसला की गाडी चालवत न्यायची होती, आणि गाडी तर त्याला स्टँडवरून उतरवता येत नव्हती.

आता मात्र त्याचं टाळकं सरकलं. या माणसाच्या ताठ्यापायी आपण उन्हातान्हात दारोदार फिरलो, दुकानदारांची बोलणी खाल्ली, पलंगावर कापड बेतलं. सरळ सांगायचं की, होत नाही म्हणून. पण नाही, तिथे फोरमन आडवा येतो. दिवा उलटा करायचाच, आणि आज अजिबात दयामाया दाखवायची नाही, असं ठरवून तो जिना चढला.

बायको टेबलाशी बसली होती. तीही या दिव्यांना विटली होती. तिने दोघांनाही ऐकवलं की आज काय तो निकाल लागला पाहिजे. दिवा बरोबर असेल तर बाबांनी उद्याच गाडी पोचवायची, त्यात चालढकल चालणार नाही.

म्हातारा हात पुसत वर आला. कपाळावर अजून घाम होता. तो खुर्चीत बसला, दिव्यावरचा टॉवेल सोडला आणि नख काचेवरून फिरवलं. नख कुठेच थांबलं नाही. त्याने बोटं रिंगवरून मागे नेली, आतल्या कडेवरून फिरवली, आणि तिथे ती थांबली.

त्याने मान वर केली नाही. तीन ठिपक्यांवर बोट तसंच राहिलं. जावयाला ते बोट दिसत होतं.

"नकली आहे," म्हातारा म्हणाला. कुठल्या गाडीचा ते त्याने सांगितलं नाही.

"आता तूच सांग," बायको नवऱ्याला म्हणाली. "तू एवढे दिवे पाहिलेस. बरोबर आहे की नाही?"

बोलायचीसुद्धा गरज नव्हती. हात पुढे करून दिवा नुसता उलटा करायचा होता. जावयाने हात पुढे केलाही, पण मग तो टेबलावरच्या टॉवेलाची घडी घालत बसला. स्वतःचा असा संताप त्याला पूर्वी कधी आला नव्हता.

"कोपरे जुळत नाहीत," तो म्हणाला.

बायकोने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि दोघांनाही हात जोडून ती आत निघून गेली.

म्हातारा दिवा मांडीवर घेऊन बसून राहिला. मग नाकातून हसला.

"तुम्हाला हो काय कळतंय कोपऱ्यांतलं?"

जावई मोजपट्टी घेऊन खाली गेला. गाडी भिंतीला सरकवली तर खिडकीच्या बाजूला टेबल बसत होतं. अरुंद झालं असतं, पण बसत होतं. इस्पितळाच्या माणसाला ते पटेल की नाही, देव जाणे. तो दुसऱ्यांदा मोजत असताना म्हातारा भिंतीला धरून पायऱ्या उतरला आणि दारात उभा राहिला. मोजपट्टीकडे बघून सगळं त्याच्या लक्षात आलं असावं.

"सरकवायची तर सरकवा," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता ती हलत नाही."

हेही जावयाच्याच चुकीमुळे झालं असावं, असा त्याचा सूर होता.

जावयाने मोजपट्टी खिशात घातली, हँडल धरलं आणि जोर लावला. गाडी हलली नाही. त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा लावला. पाय फरशीवरून घसरला आणि गुडघा फेअरिंगवर आपटला. म्हातारा जवळ आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा असा खुलला होता.

"हातांनी नाही, जावईबापू, अंगाच्या वजनाने रेटा," तो म्हणाला. "हे शिवणकाम नाही."