बाळारामकाकांची अर्धी ओळ

वळ गावातल्या गोदामांच्या वेबसाइटवर ‘आजचं गेट’ नावाचा एक चौकोन होता. कुठल्या गेटने आत शिरायचं, हे ट्रेलरवाले त्यात बघूनच ठरवत. गोदामाच्या माणसांनी मोबाइलवर चौकोनावर बोट टेकवलं की त्यांना मजकूर तिथल्या तिथे बदलता यायचा. ही करामत जावास्क्रिप्टच्या एका मॉड्यूलची, म्हणजे कोडच्या एका सुट्या भागाची. ते लिहिलं होतं अनंताने. तो नोकरी सोडून गेल्यावर ते सांभाळायला आली क्षितिजा, भौतिकशास्त्राची ताजी पदवीधर.

अकराच्या सुमारास पुढच्या गेटात क्रेन बंद पडली, ती नेमकी आडवी. कापडाच्या गाठींनी भरलेले चार ट्रेलर नाक्यापर्यंत आले होते. व्यवस्थापक भूपेश धावत तिच्या टेबलाशी आला.

“लिही, सगळ्या गाड्या मागच्या गेटने.”

“चौकोनाला कुलूप आहे, सर. बाळारामकाका लिहितायत असं दाखवतंय.”

बाळाराम म्हणजे गोदामांच्या जमिनीचे मालक. ते शेलार गावी पुतण्याच्या हळदीला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

“लिहितायत कसले, नाचत असतील! एसटीत रुमाल टाकून जागा धरायची आणि चहाला जायचं, तसलं हे. ते कुलूपच उडव कोडमधून.”

“कशासाठी घातलंय ते वाचते आधी. दोन मिनिटं द्या.”

“वाच वाच. गाड्या तुझा पेपर सुटेपर्यंत थांबतील.”

जेमतेम दोनशे ओळी होत्या. प्रत्येक फंक्शन एकच काम करत होतं आणि नावावरून ते कळत होतं. दहा मिनिटं एकही अक्षर उमटलं नाही, तर दुसऱ्याला चौकोनाचा ताबा घेता येत होता. पण पहिल्याचा अर्धवट मजकूर फेकला जात नव्हता. अक्षर उमटेल तसा तो बाजूला जपला जाई आणि ताबा घेणाऱ्याला आधी तोच दाखवला जाई. शेजारी अनंताची टीप होती : ‘माणूस उठून जातो. त्याला काहीतरी सांगायचं होतं. आधी ते वाचू द्या.’

काटेकोर यंत्रं क्षितिजाने प्रयोगशाळेत पुष्कळ हाताळली होती. काटेकोर असून इतकं माणुसकीचं काही ती पहिल्यांदाच बघत होती.

“सर, काही उडवायला नको. दहा मिनिटं कधीच उलटलीत.”

तिने ‘ताबा घ्या’ दाबलं. चौकोन उघडण्याआधी एक ओळ समोर आली :

‘मागच्या गेटच्या मोरीला तडा गेलाय, भरलेली गाडी आ’

भूपेशने ती दोनदा वाचली. “आणि कुलूप उडवलं असतं तर?”

“चौकोन सरळ उघडला असता. ही ओळ दिसलीच नसती.”

तिने लिहिलं, ‘दोन्ही गेटं बंद. नाक्यावरच थांबा.’ भूपेश बाइक काढून मागे, नाल्यावरच्या त्या मोरीपाशी गेला आणि तिथूनच त्याने फोन केला. “बोट जाईल एवढी फट आहे गं. खाली नुसतं पाणी.”

मग बाळारामांचा फोन आला, मागे ढोल वाजत होता. “काय गो पोरी, किती फोन! सकालीच मोरी बघली मी. लिवाया घेतलं, तं वयनीनं दोनी हातांना हलद फासली. मोबाइल धरू कसा?”

“तुमचं म्हणणं पोचलं, काका.”

“पोचलं? अगो, मी तं पुरं केलंच न्हाय!”

“अनंताने पोचवलं.”

“कोन अनंता?”

क्षितिजा खुर्ची खिडकीकडे वळवून सांगू लागली. नाक्यावर चारही ट्रेलर इंजिन बंद करून उभे होते.