डाव्या चाकाची घरघर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. एके काळी मी रस्त्याने निघाले की सायकलवाले पाय टेकवून बघत उभे राहत. माझ्या आत अक्रोडाचे लाकूड आहे, गाद्या खऱ्या चामड्याच्या आहेत, आणि माझे दार बोटाने ढकलले तरी अलगद लागते. पण मालक वारले आणि बावीस वर्षे मी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिले. उंदरांनी गाद्यांत संसार थाटले, टायर बसले. त्या दिवसांबद्दल अधिक काय सांगू?

अखेर मालकांच्या मुलाने, म्हणजे साहेबांनी, मला बाहेर काढले. त्यांची आई नवी नवरी होऊन माझ्यातूनच सासरी आली होती. आता तिला चालवत नव्हते. तिला एकदा माझ्यात बसवून डोंगरापलीकडे माहेरी न्यायचे, असे त्यांच्या मनात होते. त्यांनी मला एका मिस्त्रींच्या हवाली केले.

वर्कशॉप मिस्त्रींचे आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे. सुटे भाग कुठून मिळवायचे ते ताई बघे. बाकी सारे मिस्त्रींचे हात. त्या हातांना तोड नव्हती. इंजिन उतरवून, साफ करून त्यांनी पुन्हा बसवले आणि मग ट्रायल सुरू झाल्या. रोज सकाळी ते मला एकटेच रस्त्यावर नेत आणि परत आल्यावर बोनेटमध्ये डोके घालत. तिसरा गिअर आपोआप सुटत असे, तो जागेवर आणला. ब्रेक दाबला की मी उजवीकडे ओढत असे, तेही सरळ केले. मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटू लागले.

तेवढ्यात माझ्या पुढच्या डाव्या चाकात घरघर सुरू झाली. आतले बेअरिंग झिजत होते. वाटले, मिस्त्रींच्या लगेच ध्यानात येईल. पण ते स्वतःशीच म्हणाले, "वा, काय पळतेय!" दुसऱ्या दिवशी घरघर वाढली, तिसऱ्या दिवशी आणखी. त्यांनी मान वळवून पाहिलेही नाही. मग मला आठवले, मागून कुणी हाक मारली तर ते वळत नसत. फोन वाजत राही आणि ताई धावत येऊन घेई. मी घाबरले. घरघरण्यापलीकडे मोटारीच्या हातात काय असते?

साहेब आले. समोर उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, उद्या आईला न्यायचं म्हणतोय. नेऊ ना?"

"खुशाल न्या, साहेब. लोण्यासारखी चालतेय."

ते गेल्यावर ताईने हात पुसले. "शेवटच्या ट्रायलला मी येते. मलाही जरा मिरवू दे की!"

गावाबाहेरच्या घाटाच्या उतारावर ताई एकदम ताठ बसली. "अरे, हा कसला आवाज?"

"कसला?" तिच्या ओठांकडे बघत मिस्त्रींनी विचारले.

"थांब! आधी गाडी थांबव!"

मिस्त्रींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ब्रेक दाबला. चाकातून धूर निघत होता. जळक्या ग्रीसचा वास पसरला. चाक काढले तर बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा झालेला. आणखी थोडे अंतर गेलो असतो, तर चाक निखळून मी दरीत गेले असते.

ताई रस्त्याच्या कडेला बसली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून तिने विचारले, "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

मिस्त्रींनी पाना पुसून खाली ठेवला. "दोन वर्षं झाली. कळलं तर गाडी कोण देईल माझ्या हातात?"

"आणि त्या म्हातारीला उद्या काही झालं असतं म्हणजे?"

मिस्त्रींनी बेअरिंगचा भुगा फडक्यात बांधून घेतला.

सबब सांगता आली असती. पण साहेब आले तेव्हा मिस्त्री स्वतः पुढे झाले. "साहेब, मला ऐकू कमी येतं. चूक माझी आहे. चार दिवस द्या." साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चार दिवस दिले, पण दुरुस्तीला पाठवायची ठरलेली आपली दुसरी गाडी मात्र त्यांनी पाठवली नाही. बातमी पसरली आणि वर्कशॉपमधली आणखी दोन गिऱ्हाइके गेली.

नवे बेअरिंग बसले. त्या ट्रायलला ताई शेजारी होती. प्रत्येक वळणावर मिस्त्री विचारत, "आता?" ती मोठ्याने सांगे, "काही नाही!" तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. परतल्यावर ते खाली वाकले आणि त्यांनी माझ्या चाकाच्या मध्यावर तळहात ठेवला. चाक गार होते.

साहेबांच्या आईला मी सुखरूप माहेरी नेऊन आणले. वाटेत ती खिडकीला डोके टेकून रडली आणि हसलीही.

मित्रांनो, आम्हाला चकचकीत ठेवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आमचा आवाजही ऐका. आणि एखाद्याला तो ऐकू येईनासा झाला, तर तसे सांगायची त्याला भीती वाटणार नाही, एवढे तरी करा.