उलटे पुठ्ठे

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि ऐका: खटाक्-खट, खटाक्-खट. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली, घराला लागून चादरीचा माग, आणि मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ. तिच्याखाली उभी आहे सातवीतली दाक्षायणी. दिसली?

उद्या शाळेत प्रदर्शन होतं, 'संगणकाचा इतिहास'. तिच्या वर्गातला हृषीकेश घरचा जुना संगणक उघडून आणणार होता. "मी चादर आणते," असं दाक्षायणी म्हणाली, तर तो खो खो हसला. "चादरीत कुठला कॉम्प्युटर गं? मग उशीत प्रिंटर असेल की!"

सगळा वर्ग हसला. ती पाय आपटतच घरी आली.

पण चादरीचं तिला पक्कं ठाऊक होतं. नान्नांनी, म्हणजे तिच्या वडिलांनीच, दाखवलं होतं. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच. 'हो' किंवा 'नाही', पुठ्ठ्याची भाषा एवढीच, पण तेवढ्यात अख्खा मोर उमटतो! परदेशात दोनशे वर्षांपूर्वी असा माग निघाला. तो बघून कुणाला तरी वाटलं, आकडेमोडीच्या यंत्रालाही असेच पुठ्ठे द्यावेत. पुढे संगणक आले, तेही कित्येक वर्षं भोकांचे पुठ्ठेच वाचत होते.

चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणतात ना, तिथे नान्ना तिच्यासाठी 'संगणक' विणणार होते. भोकं त्यांनी पाडली. पुठ्ठे दोरीत ओवायचा हट्ट मात्र तिचा.

माग थांबला, कोपरा हाती आला आणि दाक्षायणीचा चेहरा पडला. अक्षरं उलटी! आरशात दिसावीत तशी.

"नान्ना, माग चुकला!"

"माग कसा चुकेल, बंगारू, माझ्या सोन्या? तू पुठ्ठे पाठमोरे ओवलेस. सांगशील ते तो करतो, मनातलं नाही ओळखत."

"आता हृषीकेश वर्षभर चिडवणार." तिचे डोळे भरून आले.

नान्ना गालातल्या गालात हसले. "चादरवाल्याची पोर ना तू? आपल्या चादरीला उलटी बाजू असते का गं?"

तिने झटकन कोपरा पालटला. मागे रंगांची अदलाबदल झाली होती, आणि पांढऱ्यावर लाल, अगदी सरळ अक्षरांत होतं, 'संगणक'! मग दोघंही पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच उलटी अक्षरं पुढे करून चादर टांगली. हृषीकेश लगेच आला. "हे काय लिहिलंय? बिघडला वाटतं तुझा कॉम्प्युटर!"

"पालटून बघ की!"

त्याने पालटलं. "संगणक!" त्याने मोठ्याने वाचलं. दाक्षायणीने त्याला शेजारी बसवलं, समोर कोरा पुठ्ठा ठेवला, भोकं पाडायचा दाभण त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "बोल, तुझ्या नावातलं पहिलं अक्षर कुठून सुरू करू या?"