डब्यातला फोटो

सुईचं टोक पत्र्यावर टेकवून तिने ती हलकेच फिरवायला सुरुवात केली. कोल्ड्रिंकच्या कॅनमधून कापलेला बोटभर तुकडा होता तो.

“दाबू नकोस,” पलंगावरून नवरा म्हणाला. झटक्यानंतर त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि जीभही जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढावा लागे. “भोक... बारीक हवं.”

“बारीकच करतेय. उगाच साहेबासारखे ओरडू नका.”

तो अर्ध्या ओठाने हसला. त्याचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा कॅमेरेही गेले होते. उरलं होतं ते फोटोच्या कागदाचं एक पाकीट आणि रसायनांच्या बाटल्या. आयुष्यभर लोकांची लग्नं टिपली आणि बायकोचा एक धड फोटो काढला नाही, हे त्याला पडल्यापडल्या सुचलं होतं. म्हणून चहापत्तीच्या रिकाम्या डब्याचा हा कॅमेरा. डोकं त्याचं, हात तिचे. डबा आतून काळा रंगवून झाला होता. डब्याच्या पोटाला खिळ्याने पाडलेल्या भोकावर तिने पत्रा चिकटवला, त्यावर झाकण म्हणून काळी चिकटपट्टी लावली आणि न्हाणीघराचं दार बंद करून, लाल दिव्यात, आत भोकासमोर फोटोचा कागद बसवला.

दुपारी उजेड चांगला होता. बाहेरच्या खोलीत स्टुलावर डबा, समोर खिडकीजवळ खुर्ची.

“घड्याळ वाजेपर्यंत... हलायचं नाही,” आतल्या खोलीतून त्याने बजावलं. “हललीस तर... पुसली जाशील.”

“बरंच झालं की मग.”

गजर लावून, पट्टी काढून ती बसली. कित्येक महिन्यांत ती अशी काही न करता बसली नव्हती. मांडीवरचे हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते.

“अगं,” आतून हाक आली.

दिवसभर यायची तशीच. पाणी, कूस, भांडं, नाकावरची माशी. तिची टाच उचलली गेली, पुन्हा टेकली.

“अगं... ए...”

मग काहीतरी घसरलं. पलंगाच्या लोखंडावर हात आपटल्याचे आवाज आले, आणि तेही थांबले. ती डब्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

घड्याळ वाजलं. तिने आधी पट्टी लावली, मग आत धावली.

तो उशीवरून घसरला होता. लुळा हात अंगाखाली, तोंड चादरीत दबलेलं. काखेत हात घालून तिने त्याला ओढून बसवलं. बराच वेळ तो धापा टाकत राहिला.

“लगेच उठले हो मी,” पाठ चोळत ती म्हणाली. “हाक ऐकली नि तशीच उठले. बिघडलाच असणार फोटो. टाकून देते.”

“धू,” तो म्हणाला.

संध्याकाळी तिने कागद धुऊन ओलाच त्याच्यासमोर धरला. तिला दिसली ती काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची कुणी बाई. निगेटिव्ह वाचण्यात त्याची मात्र हयात गेली होती. कपाळापासून तो सावकाश खाली येत गेला. मांडीवरच्या हातांची बोटं सुटी सुटी दिसत होती.

“छान,” तो म्हणाला. “स्पष्ट... आलीस.”

कागद वाळत घालायला ती जरा घाईनेच बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळभर आतून आवाज आला नाही. खिडकीपाशी बसून ती भाजी निवडत होती. आधी तिला बरं वाटलं. मग हात थांबले आणि ती कान देऊन बसली. शेवटी भाजी तशीच टाकून आत गेली.

तो जागाच होता, छताकडे बघत. चादर भिजून केव्हाची गार पडली होती.

“अहो, हाक का नाही मारलीत?”

“तू,” तो म्हणाला, आणि पुढच्या शब्दांना त्याला बराच वेळ लागला, “बसली होतीस.”