मर्व्हची गाढ झोप

जागा

सकाळी तंत्रज्ञ टेगननं पडद्यावर मर्व्ह कोवाल्डच्या रात्रीची नोंद उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मेंदूच्या लाटा संथ, उंच, डोलत चाललेल्या. गाढ झोपेत अशाच येतात, पण इतक्या उंच फक्त लहान मुलांना. साठी उलटलेल्या ट्रकवाल्याला?

अ‍ॅडलेडच्या या झोप-तपासणी केंद्रात लोक काय काय करून येतात, हे तिला ठाऊक होतं. मर्व्ह एकदा स्टिअरिंगवर पेंगला होता. झोप चांगली निघाली तरच लायसन्स राहणार होतं.

उथळ

मर्व्ह केसांतलं, तारा चिकटवायचं मलम पुसत बसला होता.

"रात्री गोळी घेतली होती?"

"चहा घेतला. तुमच्याकडचाच. त्याला गोळी म्हणत असाल तर घेतली."

"हसू नका, मर्व्ह."

"बरं पोरी, रडतो. पास का नापास?"

तिनं नोंद मागे, रात्रीच्या सुरुवातीला नेली. दिवे मालवण्याआधी तो स्पीकरवरून तिच्याशी गप्पा मारत होता. टक्क जागा. आणि लाटा? त्याच. संथ, उंच.

गाढ

म्हणजे ही झोप नव्हतीच. घाम होता. डोक्यावरच्या तारांखाली घाम साचला की रेघ अशीच डोलते.

"एसी तुम्ही बंद केलात?"

तो पुन्हा केस पुसू लागला.

"घाम आला की रिपोर्ट चांगला येतो, हे कुणी शिकवलं?"

"कसला घाम? तो एसी इंजिनासारखा घरघरतो. इंजिन चालू असताना डोळा लावायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. तू पाठ फिरवलीस आणि बंद केला."

खरं वाटावं असंच होतं. म्हणूनच तिला खरं वाटेना.

पुन्हा जागा

"ही रात्र धरता येत नाही. आज परत झोपायचं. कोपऱ्यातली खोली देते, तिथला एसी मुका आहे."

"आज? दुपारी कूबर पीडीला माल न्यायचाय."

"दुसरा कुणी नेईल."

"आणि तिथं झोप चांगली निघालीच नाही तर?"

तिनं कोपऱ्यातल्या खोलीपुढे त्याचं नाव लिहिलं. त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ठेव. माझ्याकडे राहिली तर मी जाईन."

तो बसथांब्याकडे चालू लागला. टेगननं किल्ली उलटसुलट करून पाहिली. ट्रकचीच कशावरून? खिडकीशी जाऊन तिनं किल्लीवरचं बटण दाबलं.

रस्त्यापलीकडे ट्रकचे दिवे लुकलुकले. मर्व्हनं मागे न बघताच हात हलवला.