डावीकडची जागा

गाडीला सगळे गोल्फ कार्ट म्हणत, पण त्या वसाहतीत गोल्फ कुणीच खेळत नव्हतं. मैदान होतं त्याची बाग झाली आणि गाड्या तेवढ्या मागे राहिल्या. निवृत्त माणसांची वसाहत ती. रस्ते अरुंद, चढउतार भरपूर, आणि चालणाऱ्यांसाठी वेगळी कड कुठे आहे, कुठे नाही. त्यामुळे गाडीवाले आणि पायी चालणारे एकाच रस्त्यावरून एकमेकांना सांभाळत, अधूनमधून एकमेकांवर खेकसत जात.

बाई पायी चालणाऱ्यांपैकी. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून अख्खी वसाहत त्यांना बाई म्हणायची. त्यांचे यजमान पूल बांधणारे इंजिनिअर. ते गाडीवाले.

इंजिनिअरांची मान डावीकडे वळत नसे. मणक्याचं जुनं दुखणं. उजवीकडे मान झकास फिरायची; डावीकडे मात्र खांद्याच्या कितीतरी अलीकडे अडायची, गंजलेल्या बिजागरीसारखी. संध्याकाळी दोघं गाडीतून फेरफटका मारायला निघाले, की प्रत्येक वळणावर ते गाडी थांबवत आणि समोर बघत राहत. डावीकडच्या जागेवरून बाई रस्ता न्याहाळत आणि म्हणत, "मोकळं." मग गाडी वळायची. हे असं करायचं, असं कधी ठरलं नव्हतं. त्यांनी कधी "बघ गं" म्हटलं नाही, बाईंनी कधी "बघते" म्हटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात लाडाचं बोलणं म्हणून जे काही शिल्लक होतं, ते बहुधा या एका शब्दात येऊन राहिलं होतं. बाईंना हे ठाऊक होतं. बोलून दाखवायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता.

आणि आता त्या डावीकडच्या जागेवर रोज सकाळी रेडिओवाली बसायला लागली.

रेडिओवाली मागच्या गल्लीत नवीन राहायला आली होती. घोटा मोडलेला, प्लास्टर नुकतंच निघालेलं. व्यायामासाठी तिला रोज सकाळी आरोग्य केंद्रात जावं लागे, आणि केंद्र वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. इंजिनिअर त्याच सुमारास वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जात; एकटे असले की वळणावर उतरून डावीकडे बघून घेत. "वाटेवरच तर आहे," ते म्हणाले. वाटेवर नव्हतं. वाचनालयापासून चांगलंच पुढे होतं.

"अहो, आज पुन्हा दाढी? कालच तर केलीत," बाईंनी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं.

"रोज करावी माणसानं."

"कधीपासून?"

"माणसात आल्यापासून," ते आरशाकडे बघूनच म्हणाले.

फाटकापाशी रेडिओवाली काठी टेकत उभी होती. "बाई, तुमच्या साहेबांना पळवून नेतेय हं!"

"न्या. पण जेवणाच्या आत परत आणून सोडा, औषध घ्यायचं असतं त्यांना."

रेडिओवाली खळखळून हसली. त्या आवाजाचंच खरं दुखणं होतं. अर्धं आयुष्य रेडिओवर निवेदन केलेला, तासून पुसून चकचकीत ठेवलेला आवाज. दूध नासलं, एवढं जरी ती म्हणाली असती तरी ऐकणाऱ्याला आनंदाची बातमी वाटली असती. बाईंचा आवाज खडूच्या धुळीत झिजलेला. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, पण पोचल्यावर कुणी खूश झाल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

गाडी गेली. बाई फिरायला निघाल्या, पण पाय एकीकडे आणि मन दुसरीकडे. आता गाडी पहिल्या वळणावर असेल. आता पाण्याच्या टाकीपाशी. प्रत्येक वळणावर गाडी थांबणार, ते समोर बघत राहणार, आणि ती डावीकडे बघून त्या आवाजात म्हणणार, मोकळं. त्या एका शब्दापायी बाईंच्या जिवाचा तिळपापड होत होता. नवऱ्याला कुणी जेवायला बोलावलं असतं, स्वेटर विणून दिला असता, तरी त्या हसल्या असत्या. पण हा शब्द त्यांचा होता.

लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की बाबा हल्ली शेजारणीला सोडायला जातात. लेक फोनवरच फिस्सकन हसली.

"आई, तुला पोटात दुखतंय."

"माझं पोट व्यवस्थित आहे."

"अगं, बाबांची मान वळत नाही, नजर कुठे वळणार?"

"डोळ्यांचे स्नायू वेगळे असतात," बाई म्हणाल्या. "त्यांना मान लागत नाही."

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या वळणावर पोस्टमास्तरांना गाडी लागली. पोस्टमास्तर वॉकर घेऊन चालत. वॉकर एकीकडे उडाला आणि ते स्वतः मेंदीच्या कुंपणात जाऊन बसले. नशिबाने खरचटण्यावर भागलं. ज्यांची गाडी होती ते दुसऱ्या टोकाला राहणारे एक गृहस्थ. पोस्टमास्तरांची हाक आपल्याला ऐकूच आली नाही, असं त्यांनी सभेत सरळ कबूल केलं.

सभा व्यवस्थापकांनी बोलावली होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, मान वळत नाही, त्यांनी स्वतः येऊन सांगा. लाजू नका. आणि ते सांगत नसतील तर घरच्यांनी मला एक फोन करा. नाव बाहेर जाणार नाही. गाडी बंद करू, पण माणूस वाचेल."

मान वळत नाही हे शब्द आले तेव्हा बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते ताठ बसून समोर बघत होते. त्यांच्या उजव्या हाताला बसलेली रेडिओवाली काहीतरी कुजबुजली. तिकडे मान लगेच वळली. ते हसले.

घरी आल्यावर बाईंनी फोन हातात घेतला. एक फोन केला की गाडी बंद. गाडी बंद म्हणजे सकाळचं सगळं बंद. आणि कुणाची बोट दाखवायची बिशाद नव्हती, कारण मान खरोखरच वळत नव्हती आणि बाई पायी चालणाऱ्यांच्या समितीवर होत्या. कर्तव्यच होतं ते. पण शाळेत एखाद्या पोरानं उत्तर आधी ठरवून मागून आकडे बसवले, तर बाई त्याला शून्य देत, उत्तर बरोबर असलं तरीही. त्यांनी फोन खाली ठेवला. आधी बघून घेऊ, मग ठरवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाचनालयाच्या वळणावर मेंदीच्या कुंपणाआड जाऊन उभ्या राहिल्या. आपण रस्त्याची पाहणी करतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. समितीच्या सदस्यानं कुंपणाआड उभं राहू नये, असा काही नियम नव्हता.

गाडी आली. डावीकडच्या जागेवर रेडिओवाली, हातवारे करून काहीतरी रंगवून सांगणारी. इंजिनिअर मनापासून ऐकणारे. बाई कानात प्राण आणून तो शब्द यायची वाट बघत होत्या. तेवढ्यात डावीकडच्या रस्त्यावरून पोस्टमास्तर आले, दुरुस्त केलेला वॉकर पुढे सरकवत, गाडीला आपण दिसतोय या भरवशावर.

गाडी थांबली नाही. थोडी मंदावली, इंजिनिअर थोडे पुढे वाकले, आणि अंदाजानेच चाक वळवलं. कुणीच काही म्हणालं नाही.

"थांबा!" बाई ओरडल्या.

ब्रेक करकचून लागला. इंजिनिअरांनी कोण ओरडलं ते बघितलं नाही, का ते विचारलं नाही. शब्द कानावर पडताक्षणी त्यांचा पाय खाली गेला होता. गाडीचं नाक वॉकरला टेकता टेकता राहिलं.

"मला काय फुटबॉल समजलात काय रे सगळे!" पोस्टमास्तर कडाडले. "आज हा, परवा तो!"

"अहो, ते दिसले नाहीत का तुम्हाला?" रेडिओवालीनं छातीवर हात ठेवत विचारलं.

"ऊन," इंजिनिअर म्हणाले. "ऊन आलं एकदम डोळ्यांवर."

बाईंनी रस्त्याकडे बघितलं. गाडीची सावली गाडीच्या पुढे पडली होती. ऊन पाठीमागून येत होतं.

तेव्हा त्यांना सगळं उमगलं. यजमानांनी तिला मानेचं सांगितलंच नव्हतं. तो शब्द इथे कधी उच्चारलाच गेला नव्हता. क्षणभर बाईंना उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा जास्त झोंबणारा. का नाही सांगितलं? रोज दाढी करून, ज्याची मान चारी दिशांना फिरते असा माणूस होऊन ते रेडिओवालीशेजारी बसत होते. त्यापायी रस्त्यावरच्या माणसांचा जीव टांगणीला लावत होते. गंजलेली बिजागरी घरी, आणि धडधाकट माणूस इथे.

"ऊन मागे आहे," बाई कुंपणाआडून बाहेर येत म्हणाल्या. "त्यांची मान डावीकडे वळत नाही. कित्येक वर्षं झाली."

इंजिनिअर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. सांगायला हवंच होतं, आणि सांगताना गोडही लागलं, या दोन्ही गोष्टी बाईंनी मनाशी वेगवेगळ्या नोंदवल्या.

"अगं बाई!" रेडिओवाली म्हणाली. "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं? मी इथे बसलेलीच असते. मी बघून सांगत जाईन की!"

झालं. जो शब्द राखायला बाई कुंपणाआड उभ्या राहिल्या, तो त्यांनी आपल्याच तोंडाने तिच्या ओटीत टाकला होता.

"नको," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आरसा बसवू."

घरी आल्यावर इंजिनिअर बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत आणि उलगडत राहिले.

"चारचौघांत सांगायची काही गरज होती?"

"चौथे पोस्टमास्तर होते, आणि ते तुमच्या गाडीखाली चालले होते."

त्यांनी घडी पुन्हा उलगडली.

"तिला का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"बरं दिसलं नसतं." मग थोडं थांबून, वर न बघता, "म्हातारा वाटलो असतो."

"आणि माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर काय लपवायचं? माझी कवळी कुठल्या डबीत असते ते माझ्याआधी तुला ठाऊक असतं."

हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. बाईंना ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. कवळीच्या डबीचा मान ज्याला हवा त्याने घ्यावा. त्यांना, एकदा का होईना, रोजच्या दाढीचा मान हवा होता.

"उद्या कार्यालयात तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला फोन करावा लागेल, आणि तो मी नक्की कशासाठी करतेय, हे माझं मलाच धड कळणार नाही."

इंजिनिअर गेले. व्यवस्थापकांनी दोनच गोष्टी सांगितल्या, आरसा बसवा आणि आमच्या चालकाला शेजारी बसवून सगळी वळणं घेऊन दाखवा. आरसा बाईंनी निवडला. बहिर्गोल, बाहेर फुगलेला, म्हणजे डावीकडचा सगळा रस्ता त्यात मावतो. गाडीच्या डाव्या खांबावर त्यांनी तो स्वतः स्क्रू पिळून बसवला आणि नवऱ्याला जागेवर बसवून, मान समोर ठेवायला लावून, कोन पक्का केला. आता बघून सांगायला कुणीच लागणार नव्हतं. रेडिओवालीने खुशाल बसावं आणि हातवारे करावेत.

चालकाने इंजिनिअरांना पास केलं. त्याच संध्याकाळी दोघं फेरफटक्याला निघाले. पहिलं वळण आलं. बाईंनी सवयीने डावीकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि गाडी वळलीसुद्धा.

"वा! काय दिसतंय!" इंजिनिअर आरशाकडे बघून म्हणाले. "सगळा रस्ता!"

पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्याही. शब्द बाईंच्या ओठांवर येऊन येऊन परत फिरला. शेजारणीला बाहेर ठेवायला त्यांनी दार लावलं होतं आणि कडी लागली तेव्हा आपणही बाहेरच, असा प्रकार. रात्री गाडी पुसताना त्यांनी सगळी गाडी पुसली आणि आरसा तसाच ठेवला.

सकाळी त्या चपला घालून गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मी पण येते."

"का? फिरायला नाही जायचं?"

"पाय दुखतोय."

"कुठला?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या आणि डावीकडच्या जागेवर बसल्या.

फाटकापाशी रेडिओवालीनं एक नजर बाईंवर टाकली, एक रिकाम्या राहिलेल्या मागच्या आसनावर. गोल्फ कार्टचं मागचं आसन उलट्या तोंडाचं असतं; बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, मागे पडत जाणारा रस्ता तेवढा दिसतो.

"बढती झाली वाटतं माझी," ती म्हणाली, आणि काठी आधी ठेवून निमूट चढली. बाईंना थोडी लाज वाटली. थोडीच.

वाचनालयाचं वळण आलं. इंजिनिअरांनी आरशात बघितलं. आणि गाडी थांबवली.

"दिसतंय की आरशात," बाई म्हणाल्या.

"दिसतंय. पण असल्या आरशात माणूस असतो त्याहून लांब वाटतो. टेबलापाशी बसून पोरांसाठी हाच धडा काढायचीस ना तू?"

डावीकडून पोस्टमास्तर येत होते. आरशात ते खरंच लांब, नखाएवढे दिसत होते. प्रत्यक्षात अगदी जवळ होते. गाडी थांबलेली बघून त्यांनी वॉकर आणखीनच सावकाश सरकवला. "आज पहारा वाढवला वाटतं," असं म्हणत, गाडीला एक टपली मारून ते पलीकडे गेले.

"काय झालं?" मागून रेडिओवालीचा आवाज आला. "मला इकडून आलेला रस्ताच दिसतोय नुसता. मोकळं आहे का हो?"

बाईंना भीती होती तितकाच सुंदर उच्चार होता तो. तसूभरही कमी नव्हता.

गाडी हलली नाही. इंजिनिअर दोन्ही हात चाकावर ठेवून, मान ताठ, समोर बघत बसून राहिले.

बाईंनी डावीकडे बघितलं. रस्ता पार पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत रिकामा होता. काहीएक कारण नसताना त्यांनी पुन्हा एकदा बघितलं. थांबू देत दोघांना. मग आपल्या खडूत झिजलेल्या आवाजात, मागच्या आसनापर्यंत नीट पोचेल इतकं मोठ्याने, त्या म्हणाल्या,

"मोकळं."

गाडी वळली.